पाठकोरे

वेबसाइटचा आराखडा मी पाठकोऱ्यांवर काढतेय.
अंबडच्या प्रेसमधून बाबा आणतात ते,
रंग जुळेपर्यंत वाया गेलेले पहिले शे-दीडशे ताव,
कापून, चिमटा लावून.
दिव्याखाली धरलं की मागचं पुढे येतं, उलट्या अक्षरांत:
‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’
आणि त्यावर माझा पहिला चौकोन. होम.

चौकोनातून बाण. कामं. माझ्याविषयी. संपर्क.
खर्डे सर म्हणाले, सहा प्रोजेक्ट टाक,
सातवं कोणी बघत नाही.
माझ्याकडे चार आहेत.
त्यातलं एक अर्धं अल्फियाचं,
आणि एक मी दुसऱ्या वर्षी एका रात्रीत उरकलेलं,
ज्याला सगळ्यांत जास्त मार्क पडले.

पत्ता घेतानाच अडले.
ज्ञानदा कोठुळे. यातला ज्ञ इंग्रजीत कसा लिहायचा?
डी-एन-वाय लिहिलं तर बंगळुरूचा माणूस
पहिल्याच पायरीवर ठेचकाळेल.
जी-वाय लिहिलं तर ती मी वाटत नाही,
वाटते कोणी ग्यानदा, चुलत चुलत.
पहिल्या वर्षी दोनशे नव्याण्णव,
पुढच्या वर्षी किती, ते बारीक अक्षरांत.
बारीक अक्षरं वाचायची सवय आहे आमच्या घराला.

पान उघडेपर्यंत गरगरणारं चक्र मला नको होतं.
मी दुतोंड्या मारुती काढला, सपाट, दोन रंगांत.
पाणी घोट्याला, गुडघ्याला, कमरेला,
छातीशी आलं की पान उघडतं.
अल्फिया आधी हसली. मग म्हणाली,
नाशिकबाहेर कोणाला कळणार गं?
नुसता पूर दिसेल त्यांना.
रात्री परत चक्र लावलं.
सकाळी काढलं.

‘माझ्याविषयी’त काय लिहायचं?
सगळे लिहितात: गोष्टी सांगायची आवड, कॉफी, मांजर.
कॉफीने मला पित्त होतं.
म्हणून जागा भरायला
जे ऐकू येत होतं तेच टाइप केलं:
नाही हो वहिनी, कपड्यांचं नाही, नुसतं डिझाइन,
हो, नोकरी लागते त्यात, म्हणजे लागेल,
रद्दी-पेप्पर, तीन शिट्ट्या झाल्या बंद कर,
त्रिमूर्ती चौकात उतर मी येतो घ्यायला.
ओळींची लांबी नेमकी बसली.
आठवडा झाला. मजकूर तोच आहे.

काल बाबांना फोनवर दाखवलं.
छापलेली कुठलीही वस्तू ते आधी पालथी करून बघतात.
फोनही पालथा केला.
मग द्राक्षाच्या पेटीचं काम उघडलं.
वेल माझी, मशीन त्यांचं,
पिवळा अर्धा मिलिमीटर सरकलेला,
दोन हजार पेट्या,
आणि पिंपळगावच्या निकमशेठनी कापून घेतलेले पैसे.
फोटोत मी पिवळा जागेवर आणून ठेवला होता.

बाबा बराच वेळ बघत राहिले.
‘ही आपली नव्हे,’ म्हणाले,
‘आपला पिवळा असा बसला नव्हता.’
आणि कागदाची जाडी चाचपावी
तसा अंगठा फिरवला पेटीवरून.
पेटी सर्रकन वर निघून गेली.
‘अगं, पळालं हे,’ म्हणाले, आणि फोन माझ्या हातात दिला,
गरम भांडं द्यावं तसा.

माळ्यावर एक पेटी सापडली, दिवाळीच्या पणत्या ठेवलेली.
पणत्या जमिनीवर मांडल्या,
पेटी खिडकीशी नेली,
सरकलेल्या पिवळ्यासकट फोटो काढला.
जवळून बघितलं तर प्रत्येक मण्याला
एका बाजूने उजेड आल्यासारखा दिसतो.
तसं काही आम्ही ठरवलं नव्हतं.
तो फोटो पहिला ठेवू की चौथा, अजून ठरत नाही.

नवा पाठकोरा घेतलाय.
संपर्काचा चौकोन तेवढा उरला होता.
फोन नंबर लिहावा, का नुसता ईमेल,
पेन्सिल तशीच हातात.
कागद दिव्याखाली आला,
आणि चौकोनाच्या बरोबर आत, उलटं,
कोणाच्या तरी लग्नातलं:
अगत्य येण्याचे करावे.