माशी

विश्रामबागेतल्या मंगल कार्यालयात शस्त्रं मांडली होती.
आदल्या दिवशी लग्न उरकलेलं असावं,
खंजिरांच्या टेबलाखाली अक्षता तशाच,
आणि स्टेजवर, नवरानवरीच्या दोन खुर्च्यांमधे
तोफेचा एक गोळा, निवांत.

तुमच्याकडं काय, असं मला कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं तर सांगितलं असतं, सतरा.
सतरा छर्ऱ्याच्या बंदुका.
दांडपट्टे जमवणारा जतचा एक जण
गेल्या खेपेला म्हणाला होता,
"म्हणजे चिमण्या मारायच्या."
त्याच्या पट्ट्यानं काय मारलं ते मी विचारलं नाही.

एस.टी.च्या वर्कशॉपात पस्तीस वर्षं स्प्रिंगा बसवल्या.
हवेच्या बंदुकीत तरी दुसरं काय असतं,
एक स्प्रिंग, एक दट्ट्या,
दट्ट्याच्या तोंडाला कातडी वॉशर.
तो मी मिरजेहून आणतो.
तबल्याच्या वाद्या ओढणारा एक जण आहे,
म्हशीचं जाड कातडं कापून देतो,
आधी बोटानं वाजवून बघतो, सवयीनं.
रात्रभर गोडेतेलात भिजवला
की सकाळी बंदूक श्वास घेते.
सतराच्या सतरा चालू आहेत.
नेम मात्र मी एकीनंही धरलेला नाही.
पोत्यात झाडायची, दाब बघायचा, पुसून ठेवायची.

कोपऱ्यात, जनरेटरच्या वायरीपाशी एक बाई बसलेली.
मेहरून शिकलगार. पाटी नव्हती, नाव विचारून घेतलं.
पुढ्यात चार बिनमुठीची पाती, एक अडकित्ता
आणि चादरीवर ती.
दस्त्याला हिरवा ऑइलपेंट,
चापाच्या कडीत अजून साखळीचा तुकडा.
हात लावायच्या आधी ओळखलं.

खरसुंडीची जत्रा. पावलीला पाच छर्रे.
फळीवर फुगे, त्यातला एक पिवळा
मी आधीच माझा मानलेला.
पाचही हुकले.
वडिलांनी बंदूक काढून घेतली
आणि मला नाही, दुकानदाराला सांगितलं,
"हात थरथरतो ह्याचा."
पुढं भरतीला गावची पोरं ट्रकात बसून कोल्हापूरला गेली.
मी गेलो नाही. कुणी अडवलं नव्हतं.

"अब्बांची," बाई म्हणाली.
"पणजोबा तलवारींना धार लावायचे.
तलवारी संपल्या, मग फुगे."
मी नळी मोडून उजेडाकडं धरली. आतून लख्ख.
मिटवली. डोळा लावला.
माशी केसभर उजवीकडं.
झिजून नव्हे. ठोकून.

"ही वाकडी आहे."
"असणारच," ती म्हणाली,
दुधात पाणी आहे म्हटल्यावर गवळी म्हणेल तशी.
"फुटलेल्या फुग्यावर आमचं काय भागणार?
हुकलेल्यावर घर चाललं.
सुट्टीवर आलेले फौजी गडी पण हुकायचे,
मग बायकोला सांगायचे, वारं होतं."

मग जरा पुढं वाकून, घरातलं सांगावं तसं,
"दोन बोटं उजवीकडं धरायचं.
मला ठाऊक होतं ना.
जत्रा पांगली की उरलेले फुगे मीच फोडायची,
कंदिलाच्या उजेडात, एकेक.
एक पण हुकला नाही कधी."

अडीच हजार म्हणाली.
मी घासाघीस करून दोनवर आणले
आणि का कोण जाणे, अडीचच दिले.
चादर तिनं तशीच दिली गुंडाळून.
बसमधे कंडक्टर ओळखीचा निघाला,
"काय अण्णा, सतार?"
मी मान डोलावली.

अठरावी आता टेबलावर पडलीय.
वॉशर भिजत घातलाय.
माशी सरळ करायला छोट्या हातोडीचा एक टोला पुरे,
असले टोले मी आयुष्यभर मारले,
गप्पा मारत मारत.
हातोडी उचलली
आणि हात, खरंच सांगतो, थरथरला.

वडील असते तर म्हणाले असते,
बघ.