कोन

वायर जरा वर, मग डावीकडे,
खाली सिटी बसचं तिकीट, चार घड्यांचं,
तेव्हा कुठे केशरी दिवा.
मग अण्णांना सांगायचं, खाटेवरून उठू नका,
टेबल हलतं.

जेल रोडच्या लुकमानने डोळ्याला भिंग लावलं.
"पोर्ट हिल गया है, दीदी. बोर्ड सलामत."
चिमट्याने आतून काढली
शेवेची एक काडी, थोडं जीरावन.
हसला नाही.
साडेतीनशे रुपये, कथलाचे दोन थेंब.

आता पिन कशीही खोचा, दिवा लागतो.
पेनड्राइव्हसुद्धा पहिल्या फटक्यात.
तरी माझी तर्जनी
वायरखाली जाऊन बसतेच.

रात्री अण्णांना म्हटलं, उठा ना, पाणी घ्या.
त्यांनी एक पाय खाली सोडला
आणि तसेच राहिले,
दिव्याकडे बघत.