किटलीपरास हलकं

तीन महिने फी माफ, चौथ्याला शेकर फुकट,
असं बॅनर. तसंच कॅप्शन.
मोहसीनच्या दंडाची रील
चाळीस हजारांनी पाहिली:
इंदूर, दुबई, कुणी ब्राझीलचा.
आमच्या गंगावेशीतून
एक कुत्रं फिरकलं नाही.

मशिनचा हप्ता दर पाच तारखेला.
मी हॅशटॅग बदलत बसायचो,
ट्रेडमिलच्या दांडीवर माझाच टॉवेल वाळत.

त्या सकाळी हौसाक्का आली
दुधाची बाकी मागायला.
फोन बाटलीला टेकून तसाच चालू.
पदर खोचून तिनं पंधराचा डंबेल उचलला,
कानाशी हलवून पाहिला
नारळ बघावा तसा.
"ह्याचं पैसं घेतोस व्हय रं?
माझी किटली जड हाय यापरास."

ते वर कसं चढलं, माझं मला कळलं नाही.

सोमवारी दारात चपलांचे अकरा जोड,
सगळे बायकांचे.
एकीच्या कडेवर पोर,
एकीच्या हातात पिठाचा डबा.
मोहसीन आरशामागं.

हौसाक्काही होती. फॉर्म पुढं केला,
तिनं कोपरानं सारला.
"तुझं दुकान माझ्या तोंडावर चाललंय नव्हं?
आधी दुधाची बाकी टाक.
मग सांगते
माझी फी किती."