पाच गुणांचा प्रश्न

छापणाऱ्याची चूक होती.
सहा-अ नेच्याचा, सहा-ब सशाचा,
मधली ओळ गळाली आणि प्रश्न झाला:
मोरशिखा नेचा व रानससा यांतील फरक लिहा. गुण पाच.

बारापात्रे सर म्हणाले, सगळ्यांना देऊन टाका जी,
काऊन डोकं तापवता.
नागपूर बाहेर छेचाळीसवर. कूलरमधून
ओल्या वाळ्याचा वास.
मी देत गेले. कोरं पान, पाच. कोरं पान, पाच.

मग एक पुरवणी.
मधोमध पट्टीने ओढलेली रेघ,
डावीकडे नेचा, उजवीकडे ससा,
आणि पहिल्याच मुद्द्याला शाई रेघ ओलांडून गेलेली:

"मोरशिखा गोरेवाड्याकडच्या आमच्या विहिरीत
वरून चौथ्या थरात, दगडांच्या सांध्यात राहते.
ससा राहत नाही. तो बसतो.
गवत दाबून अंगापुरती जागा करतो,
तो उठला की ती थोडा वेळ गरम असते.
मी हात लावून पाहिला आहे.

नेच्याला बी नसते. पानाच्या कडेखाली भुकटी असते,
ती वाऱ्यावर सोडतो आणि विसरतो.
सशाची पिल्लं उघड्या डोळ्यांनी जन्मतात,
आई त्यांना एकटं ठेवून जाते, रात्री दूध पाजायला येते.
म्हणजे विसरत नाही. हा फरक आहे.

मे महिन्यात नेचा मुठीसारखा मिटतो.
बाबा म्हणतात, मेला.
पाणी मारलं की उघडतो,
बोटाएवढा पिसारा.
ससापण मिटतो. कान पाठीवर,
मानेवरचा काळा डाग झाकून.
कुत्रं दोन हातांवरून निघून जातं.
त्याला पाणी मारून पाहिलेलं नाही.

मागच्या साली विहीर बुजवली.
नेच्याला पळता आलं नाही. हा सर्वांत मोठा फरक.
ससा पळाला. कुठे, ते
पुस्तकात नाही."

एकतीस वर्षं मी मोरशिखा शिकवली
हर्बेरियमच्या शीटवरून,
चिकटपट्टीखालची, तपकिरी.
कधी पाणी मारलं नाही.

आसन क्रमांकाला नाव नसतं.
पाचाच्या वर जागा नव्हती.
पाच लिहिले,
कोऱ्या पानाला दिले तेवढेच,
आणि पेनाला टोपण लावून बसले.

चहाला बारापात्रे म्हणाले, मॅडम,
गठ्ठा कुठं अडला तुमचा?
म्हटलं, चौथ्या थरात.