सव्वादहाची लाँच

नैतिक पहिल्यांदा चावला तेव्हा
आफ्रीनच्या दंडावर सहा दात उमटले.
मी मोजले. मला मोजायचीच सवय,
वजन, उंची, दंडाचा घेर,
कोण खिचडी किती खातं
आणि कोण नुसती वाटीत फिरवतं.

त्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं.
हे मी लपवणार नाही.
पाच दिवस बसवलं, भाज्यांच्या तक्त्याखाली,
आणि तो नखानं
छापील गाजराची साल काढत राहिला.

पर्यवेक्षिका म्हणाल्या, हट्टी आहे.
चुलती म्हणाली, "बाई, द्या की दोन धपाटे,
आमच्यातलं कोन काय नाय बोलनार."
सुलभाताई मदतनीस, कांदा चिरता चिरता:
"रोज ह्याच टायमाला चावतो गो तो.
माझा कुकर नेमका तेव्हाच लावलेला असतो."

मग मी दुसरं मोजायला घेतलं.
सोमवारी दहा सोळा.
मंगळवारी दहा पंधरा.
बुधवारी आमचं घड्याळ बंद पडलं होतं,
पण खाली जेटीवर इंजिन धडधडलं
आणि त्याचे ओठ आवळले गेले. मी पाहिलं.

सव्वादहाची लाँच.
वेलदूरहून पलीकडे दाभोळला.
टोपल्यांत बांगडे, मांदेली, कधी नुसती कोलीम,
आणि टोपलीशी उभी त्याची आई, पाठमोरी,
कारण वळून पाहिलं की पोर जास्त रडतं
असं तिला कुणीतरी शिकवलेलं.
बहुतेक मीच.

संध्याकाळी तिच्या दारात गेले.
ती जाळ्यातली घाण उपसत होती.
म्हटलं, उद्या वळ.
रडला तर रडू दे. मी आहे ना तिथं.
ती म्हणाली, "आणि मी रडले तर?"
याचं उत्तर आम्हाला कुठल्याच प्रशिक्षणात दिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याचा हात धरला नाही,
नुसत्या चपला घातल्या.
तो मागून आला.
त्याच्या मागून, न सांगता, बाकीची अठरा.
पायरीवरून खाडी सगळी दिसते,
मुखाशी जिथं पाण्याचा रंग बदलतो तिथपर्यंत.
ती वळली. ओला हात वर केला.
तो रडला, फार रडला,
आफ्रीनही रडली, कशाला ते तिलाच ठाऊक.
चावला मात्र कुणालाच नाही.

तेव्हा सुचलं म्हणून म्हटलं,
चला, लाँच पलीकडे लागेपर्यंत मोजू.
वीस झाले की डब्यात एक शिंपला.
ओहोटीला नऊ शिंपले, भरतीला बारा,
मध्ये कुणी शू करून येतं,
कुणाला खेकडा दिसतो.
शिंपला कुणी टाकायचा यावरून भांडणं होतात.
ती मी लगेच सोडवत नाही.
थोडं भांडू देते.
परवा नैतिक म्हणाला, "तू टाक, मी बघतो",
आणि बघताना त्याचा हात डब्याखाली होता,
शिंपला निसटला तर म्हणून.

तेरा तारखेला बावटा लागला. लाँच बंद.
वाटलं, आई घरी, तोही घरीच राहील.
सव्वादहाला छत्रीतून दोघं आले.
त्यानं आईला पायरीवर बसवलं
आणि रिकाम्या खाडीकडे बोट करून
मोजायचं कसं असतं ते तिला दाखवलं,
सावकाश, एकेक आकडा तिच्याकडून म्हणवून घेत.

चौदानंतर तो सोळा म्हणतो.
तिनं माझ्याकडे पाहिलं.
मी मान हलवली, असू दे.

मोबाइलमध्ये एक चौकट आहे:
वीसपर्यंत अंक म्हणतो. हो की नाही.
ती मी महिनाभर रिकामी ठेवली आहे.
पंधरा गाळला की लाँच
एका आकड्यानं लवकर लागते पलीकडे,
म्हणजे एका आकड्यानं लवकर परतते.
हे गणित चुकीचं आहे
हे त्याला सांगायला
आज तरी माझी जीभ उचलत नाही.