चार प्रती

दांडिया बाजारात रसिकभाईंच्या दुकानात
पानाला सव्वा रुपया, कार्बनसकट,
मी इंग्रजी प्रबंध टाइप करायचे.
मला कळायचं नाही काही. बोटांना कळायचं.

यतीन कर्णिकचा प्रबंध एकोणऐंशी सालचा,
कोसळणाऱ्या ताऱ्यावरचा.
ग्रीक अक्षरं आमच्या रेमिंग्टनला नव्हती,
तेव्हा सूत्र आलं की मी जागा सोडायचे,
सहा ठोके, कधी अख्खी ओळ,
आणि तो संध्याकाळी सायन्स फॅकल्टीतून सायकलवर येऊन
चारही प्रतींत काळ्या शाईने भरत बसायचा.
शाई वाळेपर्यंत जे बोलला
तेवढंच माझं भौतिकशास्त्र.

म्हणाला, काळ्या घोड्याच्या पुलावरून
पुरातली विश्वामित्री बघितलीत ना?
मासा उलटा पोहतो, पाणी सुलटं धावतं,
एका ठिकाणी दोघांचा वेग सारखा होतो.
त्याच्या पुढे गेला की मासाच काय, मगरसुद्धा
पोहत पोहत वाहूनच जाणार.
इथे मासा म्हणजे उजेड.
आणि पाणी?
जागा, म्हणाला. जागाच वाहते आत.
मी स्पेसबारवरचा अंगठा उचलला.

मग ती वेस ओलांडताना घंटी वाजते का,
समास जवळ आला की वाजते तशी?
नाही. विवर पुरेसं मोठं असेल
तर पडणाऱ्याला पत्ताच लागत नाही,
हातातला चहा तसाच गरम.
हाल पुढे. पाय डोक्यापेक्षा जोराने ओढले जातात,
सोऱ्यातून शेव पडावी
तसा माणूस लांबत जातो.
(समोर सेवउसळीची प्लेट होती. त्याने संपवली.)

आणि बाहेर उभं राहून बघणाऱ्याला
तो आत गेलेला कधी दिसतच नाही.
वेशीपाशी हळू, आणखी हळू,
त्याचं घड्याळ आपल्या लेखी थांबत येतं.
हे मला लगेच कळलं:
कॅरेज शेवटाला अडली
की पुढची सगळी अक्षरं एकाच जागी, एकावर एक.
पण डाग पडत नाही तिथे, म्हणाला,
उजेड तांबडा होत होत विझतो.
मी रिबन दाखवली, वर काळी, खाली लाल.
हसला.
मग प्रती दाखवल्या.
पहिली ठसठशीत, दुसरी बरी, तिसरी राखाडी,
चौथीतलं माझं मलाच वाचवेना.
हे जास्त बरोबर, म्हणाला.

नंतर गेला तो कॅनडाला.
दर रविवारी लिहितो, असं प्रत्येक पत्रात लिहायचा,
शपथेवर.
आमच्याकडे ती पंधरवड्याने आली, मग तीन महिन्यांनी,
मग दिवाळीची दिवाळी.
खोटं बोलत होता असं मला वाटत नाही.
त्याचा रविवार आणि बडोद्याचा रविवार,
इतकंच.

दुकानात आता मोबाईलची कव्हरं विकतात.
माझ्याकडे एक वापरलेला कार्बन उरलाय,
त्यावर बारा पानं, एकावर एक ठोकलेली.
वाचता एक शब्द येत नाही
आणि गेलेला एकही नाही.
परवा भाचीने कुठूनसं वाचून दाखवलं:
विवरात पडलं ते कायमचं गेलं,
की वेशीच्या पातळ कातडीवर लिहिलेलं राहतं,
यावर मोठी माणसं पन्नास वर्षं भांडताहेत.
मी कार्बन खिडकीशी धरला.
पूर्णविराम मी फार जोरात मारायचे,
रसिकभाई ओरडायचे, कागद फाटे छे, बेन!
तेवढ्या भोकांतून उजेड आला,
बाकी सगळं काळं.

पान एकशे बारावर एक जागा भरायची राहिली होती.
सहा ठोके, चारही प्रतींत.
परीक्षकांना दिसली नाही,
त्याला दिसली नाही,
बांधून आल्यावर मला दिसली.
रसिकभाई रिकाम्या जागेचेही पैसे लावत.
ते पान मी हिशेबात धरलं नाही.