बाब क्रमांक सात

राजधानीतून आकडा आला मंगळवारी,
चहाच्या वेळेला.
आधी वर्षाला तीनशे बारा घरं होती,
आता सातशे चाळीस.
सोबत सूत्रही होतं:
इथलं घर इथल्या वर्षाच्या पगाराच्या अकरापट,
म्हणून इथे जास्त बांधा.
सूत्र सरळ होतं. आमची नदी वाकडी आहे
आणि गेल्या पुराची रेघ
नकाशावर अजून ओली.

मी नियोजन समितीची कारकून.
कोण काय म्हणालं ते लिहायचं
आणि शेवटी किती हात वर झाले ते.
एकोणीस वर्षं लिहितेय.
मत देत नाही. खोकला लिहीत नाही.

बाब क्रमांक सात: प्रायरीचं शेत,
दोनशे साठ घरं,
पैकी चाळीस टक्के 'परवडणारी'.
या शब्दाला धोरणात व्याख्या आहे:
बाजारभावाच्या ऐंशी टक्के.
म्हणजे शिखरापासून जरा खाली,
पण डोंगरावरच.

विल्फ ऑर्मरॉड बोलला. चंडोलांबद्दल,
शाळेत न उरलेल्या बाकांबद्दल,
डॉक्टर तीन आठवड्यांनी भेटतो त्याबद्दल.
सगळं खरं होतं.
त्याचं स्वतःचं घर चार हजार पौंडांत घेतलेलं,
तेव्हा रस्त्यापलीकडच्या लोकांनी
हेच चंडोल मोजले होते.
ते तो म्हणाला नाही,
म्हणून ते इतिवृत्तात नाही.

मग केझाया ब्लॅकलॉक,
रात्रपाळीहून तशीच आलेली,
वृद्धाश्रमाच्या निळ्या अंगरख्यात.
प्रत्येकाला तीन मिनिटं. टेबलावर दिवा:
हिरवा, पिवळा, लाल.
ती म्हणाली, मला पाखरांची नावं येत नाहीत.
इथे बसलेल्यांपैकी काहींच्या बायकांना
मी रात्री दोन वाजता कुशीवर वळवते.
मग घरी जाऊन आईच्या शिवणाच्या खोलीत,
यंत्र आणि मुलगा यांच्या मधे
आडवी होते.
मुलगा वाढतोय. यंत्र वाढत नाही, एवढं बरं.

दिवा पिवळाच होता, ती खाली बसली.
विल्फने टोपी मांडीवर फिरवली. बराच वेळ.
हेही इतिवृत्तात नाही.

बाजूने चार. विरुद्ध सात.
अर्ज नामंजूर. टाळ्या.

टाळ्या आठ महिने टिकल्या.
मग अपील, मग निरीक्षक आले,
पावसाळी बूट घालून शेतभर चालले,
सज्जन गृहस्थ, सगळ्यांना नमस्कार केला.
निर्णय सव्वीस पानांचा:
आकड्याइतकी घरं तुम्ही देऊ शकत नाही,
सबब तुमचा नकार टिकत नाही.
आमचे सात हात आणि आमचे चार हात
एकाच वजनाचे निघाले.

घर पाहावं बांधून म्हणतात;
बिल्डरने पाहिलं. पायाखाली खडक लागला,
रस्ता महागला, व्याज वाढलं,
आणि जाड फाइलीत एक हिशेब आला
की चाळीस टक्के जुळत नाहीत.
अकरा जुळतात.
अकरा नको असतील तर शेत तसंच राहील
आणि आकडा पुढच्या वर्षी अजून मोठा होईल.
या वेळी सगळे हात वर झाले,
हळूहळू,
ओले कपडे वर करून वाळत घालावेत तसे.

एकोणतीस घरं. यादीत चारशे बारा नावं.
केझाया एकशे सहावी.

शनिवारी नमुन्याचं घर पाहायला गेले.
ओव्हनमध्ये पाव भाजत ठेवला होता,
खायला नाही, वासासाठी.
विल्फ दारांची रुंदी मोजत होता टेपने,
चाकाची खुर्ची जाईल का ते.
मला पाहून टेप खिशात टाकली.
मी म्हटलं, मोज की.
खुर्ची जात होती. किंमत जात नव्हती.

काल राजधानीतून नवं पत्र आलं.
सूत्र पुन्हा बदललंय.
मी फाइल लावली, दिवे मालवले,
आणि घरी जाताना
जुन्या वस्तूंच्या दुकानापाशी थांबले.
काचेमागे शिवणयंत्र, काळं, सोनेरी वेलाचं,
ब्लॅकलॉकबाईंचं.
मुलाच्या पलंगाला जागा हवी होती म्हणे.

चिठ्ठीवर किंमत: पंचवीस पौंड.

परवडणारं.